फाइलीचं कपाळ

ससाणेकाकांनी पहिल्या भेटीत माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या फोटोकडे बघत होते, आणि तेही फोटो म्हणून नाही. त्यांनी माझी फाइल नोटपॅडमध्ये उघडली होती. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत न बसणारी अक्षरं पसरली होती. त्या कचऱ्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बघ. कपाळावर काय लिहिलंय?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. कचऱ्यात चार अक्षरं ओळखू येत होती. "एच, ई, आय, सी," मी वाचलं.

"आणि शेपटीला?"

शेपटीला, म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेवटी, टिंब होतं आणि पुढे जेपीजी. ते मीच टाइप केलं होतं, होस्टेलवरच्या एका मुलीच्या सांगण्यावरून. प्रवेशाचा फॉर्म एचईआयसी फोटो घेत नव्हता, म्हणून नाव बदललं. मग घेतला. दोन दिवसांनी परत आला.

"म्हशीच्या गळ्यात 'गाय' अशी पाटी अडकवलीस तू," काका म्हणाले. "पाटीनं दूध बदलत नाय."

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातून आले होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच. पुण्यातल्या लोकांबद्दल मला गावात बरंच सांगून पाठवलं होतं, पण म्हशीची तयारी मी केली नव्हती. काकांनी तोवर फोटोची एक नक्कल काढून ती खऱ्या जेपीजीत बदलली, आकार लहान केला, आणि मला म्हणाले, "मूळ फाइल ठेव फोनमध्ये. तिला हात लावायचा नाय. काय करायचं ते नकलेवर."

हे वाक्य मी पुढच्या तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं, की कॉलेजच्या प्रतिज्ञेपेक्षा तेच मला पाठ आहे.

आमचं कॉलेज कर्वेनगरमध्ये. कार्यालयाला पाच खिडक्या. चौथीवर पाटी होती, 'छायाचित्र व दुरुस्ती'. ही खिडकी कुणाला नको होती म्हणून काकांना मिळाली होती, असं ते स्वतःच सांगायचे. सडपातळ अंगाचा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला हा माणूस रोज हडपसरहून दोन बस बदलून यायचा आणि बरोबर सव्वादहाला खिडकीची काच पुसायचा. आतून आणि बाहेरून. इतर खिडक्यांवर फक्त आवाज ऐकू यायचे. इथे पलीकडचा माणूस दिसायचा.

त्यांच्याकडे एक लांब वही होती. परत आलेल्या प्रत्येक फोटोची तिच्यात एक ओळ. समोर कारण. 'वजन जास्त.' 'नाव बदलले.' 'व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला.' 'आडवा.' एका नोंदीपुढे नुसतं 'चुलतभावाचा' असं होतं. कुणीतरी घाईत दुसऱ्याचाच फोटो जोडला होता. संगणक त्यांनी कुठे शिकला असं विचारलं की ते त्या वहीकडे बोट दाखवायचे. लोकांनी चुका केल्या, त्यांनी त्या लिहून ठेवल्या, एवढंच शिक्षण.

शिकवायची त्यांची पद्धत मात्र शेतकऱ्याची होती. हडपसरला त्यांचा पिढीजात ऊस होता, वडिलांचं गुऱ्हाळ होतं. त्यामुळे सगळी उदाहरणं तिथूनच यायची.

"नवे फोन फोटो घडी घालून ठेवतात," ते म्हणायचे. "एचईआयसी म्हणजे ती घडी. निम्म्या जागेत मावतो आणि चुरगळत बी नाय. चांगली गोष्ट हाय. पण विद्यापीठाच्या संगणकाला ती घडी उलगडता येत नाय. त्याला जेपीजीच लागतो. म्हातारा हाय तो, त्याला सवयीचंच पचतं."

"मग सगळंच जेपीजीत ठेवलं तर?"

"ठेव की. पण जेपीजी दर वेळी उघडून, बदलून सेव्ह केलीस की ती पुन्हा चरकातनं काढल्यासारखी. पहिल्या वेळेला रस निघतो. दुसऱ्या वेळेला बी थोडा निघतो. पाचव्या वेळेला नुसतं चिपाड. आणि व्हॉट्सअ‍ॅप तर पाठवतानाच पिळून घेतं. पाठवायचाच असंल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग त्याला पिळता येत नाय."

संगणक विभागाच्या मुलांनाही हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. ती मुलं चोरून चार नंबरला यायची. चोरून, कारण त्यांचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे एचओडी म्हणत, त्यांना ते आवडत नसे. एचओडी सर मूळचे शनिवार पेठेतले, डॉक्टरेट झालेले, आणि बोलण्यात अत्यंत सभ्य. ते कुणाला मूर्ख म्हणत नसत. "आपला या विषयाचा अभ्यास कितपत?" एवढंच विचारत.

इतिहासाच्या सरांची गोष्ट मी येण्याआधीची आहे, पण ती मला चार जणांनी चार वेळा सांगितली. सरांच्या ओळखपत्रावर त्यांचा फोटो आडवा छापून आला. पुन्हा छापला, पुन्हा आडवा. एचओडी सरांनी तपासून प्रिंटर सदोष असल्याचं लेखी दिलं. नवा प्रिंटर आला. त्यातूनही सर आडवेच बाहेर पडले. जवळजवळ वर्षभर इतिहासाचे सर स्वतःच्या गळ्यात आडवे लटकत होते. शेवटी ते कंटाळून चार नंबरला आले. काकांनी फोटो एकदा फिरवला, सेव्ह केला, आणि दोन मिनिटांत सर उभे राहिले.

"फोन आडवाच फोटो ठेवतो कधीकधी," काकांनी त्यांना सांगितलं. "वर एक चिठ्ठी जोडतो, 'उभा धरून बघा' म्हणून. तुमच्या फोनला चिठ्ठी वाचता येती. प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरला येत नाय."

"अहो, मग हे वर्षभर का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

त्या चिठ्ठ्यांवर काकांचा फार जीव होता. फोटोच्या पोटात आणखी काय काय लिहिलेलं असतं ते त्यांना बघायला आवडायचं: कोणत्या फोननं काढला, किती वाजता, कुठे. आमच्या वर्गातल्या एका मुलानं आजारपणाच्या अर्जासोबत पुरावा म्हणून अंथरुणात पडलेला स्वतःचा फोटो जोडला होता. काकांनी फाइल उघडली, पोटातली जागा पाहिली आणि त्याला खिडकीजवळ बोलावलं.

"ताप कुठं आला रे तुला?"

"घरी, काका."

"घर लोणावळ्याला हाय?"

तो मुलगा खाली बघायला लागला. काकांनी नक्कल काढली, जागेची नोंद पुसली, आणि अर्ज पुढे पाठवला. "पुढच्या टायमाला आजारी पडताना लोकेशन बंद ठेव," म्हणाले. मला ते तेव्हा बरोबर वाटलं नाही. मी तोवर एकही खोटा अर्ज केला नव्हता. पण मी सहसा बोलत नसे.

एकदा मात्र मी विचारलं, की मूळ फाइलीचा इतका आग्रह कशासाठी. दुपारची वेळ होती, खिडकीवर कुणी नव्हतं. काकांनी स्वतःचा फोन काढला आणि एक फोटो दाखवला. त्यात हिरवं काहीतरी होतं.

"आमचं रान," ते म्हणाले. "आता तिथं बारा मजले हायेत. ताबा द्यायच्या दिवशी सकाळी पुतण्यानं फोटो काढला, चांगल्या फोनवर. फॅमिली ग्रुपवर टाकला. ह्यानं त्याला पाठवला, त्यानं ह्याला. कुणी कापला, कुणी वर 'आठवणी' असं लिहिलं. पुतण्यानं फोन बदलला. आता सगळ्या भावकीकडं फोटो हाय आणि मूळ कुणाकडंच नाय." त्यांनी तो बोटांनी मोठा केला. हिरव्याचे चौकोन झाले. "ऊस हाय का मका, सांग बरं."

मला सांगता आलं नाही.

"मला बी नाय येत. मी लावलेला," काका म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला थोडी लाज वाटते.

तिसऱ्या वर्षाचे परीक्षेचे फॉर्म सुरू झाले. या वेळी फोटो विद्यार्थ्यांनी स्वतः, आपापल्या फोनवरून चढवायचे होते. कॉलेजनं ते मंजूर करून विद्यापीठाला पाठवायचे. पहिल्याच दिवशी निम्म्या मुलांचे फोटो चढेनात, कारण नव्या फोनमधले सगळे एचईआयसी. त्यावर एचओडी सरांच्या सहीचं परिपत्रक निघालं. 'विद्यार्थ्यांनी आपल्या छायाचित्राच्या नावातील शेवटची अक्षरे काढून तेथे जेपीजी असे लिहावे. अन्य कोणतीही प्रक्रिया आवश्यक नाही.'

काका तो कागद घेऊन एचओडी सरांकडे गेले. मी तेव्हा जिन्यात होते, दार उघडं होतं.

"सर, ह्यानं फोटो बदलत नाही. फक्त नाव बदलतं."

एचओडी सरांनी आपल्या लॅपटॉपवर नाव बदललेली एक फाइल उघडली. फोटो स्वच्छ दिसला. "उघडतोय की नाही?"

"आपल्या लॅपटॉपला दोन्ही वाचता येतात, सर. तो शेपूट बघत नाही, कपाळ बघतो. विद्यापीठाकडं..."

"ससाणे," सर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आपला या विषयाचा अभ्यास कितपत?"

काका परत आले. खिडकीवर जो येईल त्याचा फोटो ते नीट बदलून देत राहिले. पण खिडकीवर येणार कोण? परिपत्रक सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं.

मीही गेले नाही. म्हशीच्या पाटीची गोष्ट मला स्वतःला सांगितलेली होती, तरी मी नाव बदललं आणि फोटो चढवला. याचं कारण मला एकच देता येतं. आमच्या घरी सही-शिक्का असलेल्या कागदावर कुणी शंका घेत नाही. तलाठ्याकडून आलेला, बँकेतून आलेला, शाळेतून आलेला कागद बाबा दोन्ही हातांनी घेतात. मीही तो परिपत्रकाचा फोटो जणू दोन्ही हातांनीच घेतला.

आठवड्यानं तीनशेच्या वर फॉर्म परत आले. शेरा एकच: 'प्रतिमा वाचता आली नाही.' मुदत संपली होती.

बाबांनी मला पुण्याला पाठवताना एकच अट घातली होती. वर्ष वाया गेलं तर परत यायचं. ते रागानं बोलले नव्हते. माझ्या चुलत्यांच्या आणि आत्यांच्या समोर त्यांना काहीतरी म्हणणं भागच होतं. त्या संध्याकाळी त्यांचा नेहमीप्रमाणे फोन आला. "पेपर कवा हायेत वं तुये?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून वेळापत्रक लागलं नाही. ते खरं होतं, आणि तरीही मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांशी खोटं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही काही जणी प्राचार्य मॅडमच्या केबिनबाहेर अर्ज घेऊन बसलो. त्या दाराची कडी मोडलेली आहे, त्यामुळे ते कधीच पूर्ण लागत नाही. आत मॅडम, एचओडी सर आणि परीक्षा विभागाचे एक कर्मचारी होते. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

कर्मचारी नियम वाचून दाखवत होते. चूक विद्यार्थ्याची असेल तर फॉर्म बाद. चूक महाविद्यालयाच्या सूचनेची असेल तर चौकशी समिती, मग अहवाल, आणि अहवाल येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेली. चूक लिपिकाची असेल तर प्राचार्यांच्या एका पत्रावर तीन दिवसांची मुदत मिळते.

मग काकांना बोलावणं गेलं.

काका आमच्यासमोरून आत गेले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ती पहिलीच वेळ असावी, कारण खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग थांबला. मॅडम बऱ्याच आडवळणानं बोलत होत्या. संस्था, विद्यार्थ्यांचं हित, सहकार्य. काकांना दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं आणि त्यांची वर्षभराची मुदतवाढ मंजुरीला गेली होती, हे मॅडमनी स्वतःच सांगितलं. लेखी नोंद झाली तर ती मिळणं अवघड होईल, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

"पत्रात काय लिहायचं?" काकांनी विचारलं.

एचओडी सर म्हणाले, "संबंधित लिपिकास प्रतिमांच्या फाइल प्रकारांचं पुरेसं ज्ञान नसल्यामुळे, असं काहीसं."

"बरं," काका म्हणाले. "एक हाय. सगळ्यांचे फॉर्म गेले पाहिजेत. एक बी मागं राहता कामा नये."

मॅडमसमोर ते कधी असं घरच्यासारखं बोलत नसत. पहिल्यांदाच बोलले.

पुढचे तीन दिवस चार नंबरची खिडकी सकाळी आठला उघडायची. आम्ही रांगेनं यायचो, मूळ फाइल द्यायचो, काका नक्कल काढून बदलायचे. आधी लांबी-रुंदी कमी करायची, मग वजन. प्रत्येक फाइल नोटपॅडमध्ये उघडून कपाळ बघायचं, मगच पुढे पाठवायची. एवढी घाई असताना त्यांनी एकाचंही कपाळ बघायचं सोडलं नाही.

माझा नंबर आला. त्यांनी माझी परत आलेली फाइल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हैस आठवली असणारच. पण काही म्हणाले नाहीत. वहीत लिहिलं, 'नाव बदलले', आणि पान उलटलं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पान उलटताना मला वहीत चिकटवलेलं ते परिपत्रक दिसलं. समासात काकांच्या अक्षरात होतं, 'असे करू नये, फोटो परत येतील, सरांना तोंडी सांगितले.' खाली तारीख आणि वेळ. मी तिसऱ्या दिवशी, रांग संपल्यावर, धीर करून पुन्हा गेले.

"काका, हे तुम्ही दाखवलं का नाही?"

"दाखवलं असतं, तर चूक कुणाची ठरली असती?"

"एचओडी सरांची. म्हणजे कॉलेजच्या सूचनेची."

"मग तुझा फॉर्म?"

मी वहीवरचं बोट काढून घेतलं.

"फाइल तीच हाय," काका काच पुसत म्हणाले. "शेपटीला माझं नाव लावलं, एवढंच."

सगळे फॉर्म मंजूर झाले. एकही मागे राहिला नाही. बाबांना मी वेळापत्रक वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी प्रत्येक पेपराची तारीख दोनदा विचारली आणि कॅलेंडरवर लिहून घेतली.

विद्यापीठाच्या पत्रात एक अट होती. संबंधित लिपिकास प्रशिक्षण द्यावे. तेव्हा आमच्या सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा झाली, 'डिजिटल छायाचित्रे: फाइल प्रकारांची प्राथमिक ओळख'. व्याख्याते एचओडी सर. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आम्हालाही बसवलं होतं. काका पहिल्या रांगेत, मांडीवर लांब वही घेऊन. सरांनी पडद्यावर एचईआयसी हा व्हिडिओचा प्रकार असल्याचं सांगितलं. काकांनी लिहून घेतलं. जेपीजी कितीही वेळा सेव्ह केली तरी बिघडत नाही, असं सांगितलं. काकांनी तेही लिहून घेतलं. मागच्या रांगांतून खोकल्याचे बरेच आवाज आले.

"समजलं ना, ससाणे?" शेवटी सरांनी विचारलं.

"अभ्यास वाढवतो, सर," काका म्हणाले.

नंतर मी त्यांच्या वहीत डोकावले. दोन्ही वाक्यं नीट नोंदवलेली होती, परत आलेल्या फोटोंच्याच रकान्यांत. समोर कारणाच्या जागी सरांचं नाव.

मुदतवाढ मिळाली नाही. काकांच्या शेवटच्या दिवशी छोटासा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि एचओडी सरांच्या हस्ते त्यांना कार्यशाळेचं प्रमाणपत्र दिलं गेलं. त्यावर त्यांचा फोटो होता. कुणीतरी कार्यालयाच्या ग्रुपवरच्या जुन्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून, ताणून बसवला होता. चष्मा कुठे संपतो आणि भुवई कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

समारंभानंतर मी चार नंबरला गेले. काका ते प्रमाणपत्र काचेला आतून चिकटवत होते, चेहरा बाहेर.

"घरी नाही नेणार?"

"राहू दे इथंच. पोरांना नमुना लागतो. फोटो कसा नसावा, ते सांगायला बरं पडतं."

मी मैत्रिणीचा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन मागून आणला होता. म्हटलं, काका, तुमचा एक नीट फोटो काढते. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. पण ते बाहेर आले, शर्टाची कॉलर सारखी केली, चष्म्याचा दोरा कानामागे सरकवला आणि आपल्याच खिडकीशेजारी, आमच्या बाजूला उभे राहिले. इकडून ती खिडकी त्यांनी कधी पाहिली नसावी, कारण फोटो काढून झाल्यावरही ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग पिशवी उचलली. पिशवीत शाल, नारळ आणि लांब वही. फाटकापासून बसस्टॉपपर्यंत मी बरोबर गेले. बसमध्ये चढता चढता ते वळून म्हणाले, "पाठवताना कसा पाठवशील?"

"डॉक्युमेंट म्हणून."

"हां," म्हणाले, आणि बस गेली.

मी होस्टेलवर पोचताच फोटो पाठवला. मूळ, हात न लावता. काकांच्या घरी संगणक आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं उत्तर आलं. फोटो कसा आलाय, ते कसे दिसताहेत, यावर एक शब्द नव्हता.

'कपाळ बघितलं. बरोबर हाय.'